हौसेचा हिशेब : १९५० च्या दशकातली अमेरिकन गाडी घेताना

१९५७ साली अमेरिकेत शेवरोले बेल एअर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला चार दारांची सेडान साधारण २,२९० डॉलरला मिळे आणि कापडी टप मागे दुमडणारी कन्व्हर्टिबल साधारण २,५११ डॉलरला. फरक जेमतेम सव्वादोनशे डॉलरचा. आज याच दोन गाड्या चालत्या, नीटनेटक्या अवस्थेत शोधायला निघालात, तर सेडान वीस-पंचवीस हजार डॉलरच्या घरात पडते आणि कन्व्हर्टिबलला सत्तर हजार किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. इंजिन तेच, डॅशबोर्ड तोच, मागचे पंखही तेच. पण सेडान अडीच लाखांवर बनल्या आणि कन्व्हर्टिबल पन्नास हजारांच्या आत. जुन्या अमेरिकन गाडीच्या बाजारात पैसा पडतो तो आकाराला आणि दुर्मिळपणाला, यंत्राला नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवून बाजारात उतरलं, तर ही हौस नोकरदार माणसालाही परवडते. विसरलं, तर घरावर दुसरं कर्ज काढायची वेळ येते.

न्यू जर्सी, शिकागो, डॅलस, बे एरिया अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या, मुलं कॉलेजात गेल्यामुळे गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा हिशेब मुख्यतः मांडला आहे. घरात वडिलोपार्जित डॉज किंवा प्लिमथ उभी असलेल्या भारतातल्या वाचकांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

आधी हे वेड कशाचं, ते सांगायला हवं. कारण खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, हे त्यावरच ठरतं. जनरल मोटर्सचे रचनाकार हार्ली अर्ल यांनी महायुद्धातल्या पी-३८ विमानाच्या शेपटीवरून १९४८ च्या कॅडिलॅकला छोटे पंख दिले. अकरा वर्षांनी, १९५९ च्या कॅडिलॅकवर, ते आपल्या सर्वांत मोठ्या उंचीला पोचले. मध्यंतरी क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनर यांनी १९५७ ची मॉडेलं इतकी लांब, बुटकी आणि धारदार आणली की बाकीच्या कंपन्यांना आपले आराखडे पुन्हा काढावे लागले. पेट्रोल स्वस्त होतं आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं काम सुरू झालं होतं. अशा काळात लोखंडाच्या पत्र्याला इतकं वळवणं, इतकं क्रोम लावणं, दोन-दोन रंगांत गाडी रंगवणं परवडत होतं. तशी गाडी आता कुठलीच कंपनी बनवणार नाही. पुढच्या सोफ्यासारख्या सलग सीटवर तिघं शेजारी शेजारी बसून, कोपऱ्यातली तिकोनी काच उघडून वारा आत घेत रमतगमत जाणं, हे त्या गाडीचं सुख आहे. मला ते मोलाचं वाटतं. आणि ते सुख चार दारांच्या सेडानमध्ये पुरेपूर मिळतं.

कोणती घ्यावी

शरीररचनेप्रमाणे भाव ठरतो. सर्वांत स्वस्त चार दारांची, मधला खांब असलेली सेडान. तिच्याच दोन दारांच्या, खांब नसलेल्या हार्डटॉप भावंडाला साधारण दुप्पट भाव येतो आणि कन्व्हर्टिबलला तिपटीच्या आसपास. १९४९ ते १९५४ मधल्या प्लिमथ, डॉज, शेवरोले, फोर्ड यांच्या साध्या सेडान बारा-पंधरा हजार डॉलरमध्येही चांगल्या मिळतात. १९५९ च्या कॅडिलॅकचा साधा कूपे चाळीस हजारांपासून पुढे जातो, आणि अवघ्या १,३२० बनलेल्या एल्डोराडो बियारिट्झकडे लाखाच्या वर खर्च करू शकणाऱ्यांनीच बघावं.

पहिली गाडी म्हणून माझं मत स्पष्ट आहे : १९५५ ते १९५७ ची चार दारांची शेवरोले. १९५५ साली शेवरोलेने २६५ घनइंचांचं, म्हणजे ४.३ लिटरचं, आटोपशीर व्ही-८ इंजिन आणलं. त्याच घराण्याची इंजिनं पुढे अनेक दशकं बनत राहिल्यामुळे ते दुरुस्त करणारा मेकॅनिक कुठल्याही गावात सापडतो. त्याच वर्षी गाडीची वीज ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आली, त्यामुळे आजची बॅटरी आणि दिवे सहज चालतात. सुट्या भागांची तर चंगळ आहे. दाराच्या रबरापासून पूर्ण बंपरपर्यंत सगळं नव्याने बनवून मिळतं.

स्टुडबेकर, पॅकार्ड, हडसन, नॅश, डीसोटो हे ब्रँड बंद पडले. त्यांच्या गाड्या घेताना स्वस्त पडतात. पण पुढच्या वळणदार काचेला तडा गेला किंवा मागच्या दिव्याचं भिंग फुटलं, तर एका तुकड्यासाठी महिनोन्‌महिने शोधाशोध करावी लागते. यात स्टुडबेकरला मी अपवाद मानतो. तिचे चाहते संघटित आहेत, आणि साउथ बेंड इथल्या स्टुडबेकर संग्रहालयाच्या दफ्तरातून गाडीच्या मूळ उत्पादन-आदेशाची प्रतही मिळवता येते.

निवड करताना गॅरेज मोजायला विसरू नका. १९५७ ची बेल एअर पावणेसतरा फूट लांब आहे. १९५९ ची कॅडिलॅक पावणेएकोणीस फूट लांब आणि पावणेसात फूट रुंद. वीस फुटी गॅरेजमध्ये ती शिरली, तरी पुढे माणसाला उभं राहायला जागा उरत नाही.

गंज

खर्चाचा खरा शत्रू गंज. बाकी सगळ्याला हिशेब असतो, गंजाला नसतो.

ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने १५ जून १९५७ रोजी एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडियर काँक्रीटच्या तळघरात पुरून ठेवली होती. पन्नास वर्षांनी, २००७ मध्ये, ती समारंभाने बाहेर काढली तेव्हा तळघरात पाणी शिरलेलं होतं आणि गाडी गंजाचा ढिगारा झाली होती. जवळजवळ न चालवलेल्या गाडीची ही गत. तेव्हा मीटरवर मैल कमी आहेत, इतक्याने भुलू नका. गाडी कुठे उभी होती, ते विचारा.

ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्नियाचा कोरडा भाग इथल्या गाड्यांचा पत्रा सहसा शाबूत असतो. तिथे रबर आणि सीटचं कापड उन्हाने मरतं, पण ते बदलता येतं. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कच्या बाजूला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ खालून पत्रा खातं. पाहणीला जाताना कापडात गुंडाळलेलं एक साधं लोहचुंबक घेऊन जा. दारांच्या खालच्या कडा, दारांखालची पट्टी, पुढच्या दिव्यांमागचा भाग, मागच्या चाकांवरची कमान इथे ते फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. मग पायाखालची मॅट उचला, डिकीतली स्टेपनी बाजूला करा आणि तिथला तळ बघा. पुढच्या काचेखालचा हवा आत घेणारा भाग गंजला असेल तर पावसाचं पाणी थेट पायांवर येतं, आणि तो भाग उघडून दुरुस्त करणं अतिशय किचकट.

फरशी बदलायचे नवे पत्रे काहीशे डॉलरना मिळतात. महाग आहे ती मजुरी. जुन्या गाड्यांचं काम करणारी गॅरेजं तासाला पाऊणशे ते दीडशे डॉलर घेतात. गाडी पूर्ण सुटी करून, चासीपासून पुन्हा उभी करायला हजार तास सहज लागतात. तासाला शंभर धरले तरी एक लाख डॉलर झाले, आणि अजून सुटे भाग यायचेच आहेत. इतकं करून हातात आलेल्या सेडानची बाजारातली किंमत तीस हजार. म्हणून ‘प्रोजेक्ट कार’ म्हणून पाच हजारांत विकायला ठेवलेली गंजकी गाडी ही या बाजारातली सर्वांत महाग वस्तू आहे. दुसऱ्या कुणीतरी आधीच पैसे घालून पूर्ण केलेली गाडी घ्या. त्याने घातलेल्या पैशाचा निम्माअर्धाच भाग तुमच्याकडून वसूल होतो.

चांगला रंग द्यायचा तर दहा ते वीस हजार डॉलर. जुना रंग थोडा उडालेला, पण मूळचा असेल तर त्याला हात लावू नका. मूळ रंगाखाली काय आहे ते स्पष्ट दिसतं, शिवाय जाणकार त्याला जास्त मोल देतात. क्रोमचं काम दिवसेंदिवस महागत चाललं आहे. एक मोठा बंपर घासून, ठोकून, पुन्हा मुलामा चढवायला हजार डॉलरच्या आसपास किंवा अधिक लागतात. या कामातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक असल्यामुळे कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शोभेच्या मुलाम्यासाठी ते टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम केला आहे. १९५८ ची ब्यूइक किंवा ओल्ड्समोबील घेणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावं, कारण त्या गाड्यांवर क्रोम भरमसाट आहे. ग्रिल आणि पट्ट्या खड्डे पडलेल्या दिसल्या, तर तेवढे पैसे किमतीतून आधीच कापून मागा.

यंत्र, ब्रेक आणि जिवाची काळजी

इंजिनाची फार धास्ती घेऊ नये. व्ही-८ पूर्ण उघडून नवं करायला साधारण चार ते सहा हजार डॉलर लागतात, आणि प्लग, पॉइंट, कंडेन्सर बदलणं हे घरच्या घरी शिकता येण्यासारखं काम आहे. आजच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. त्यामुळे पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा पहिल्याच महिन्यात बदला. दोनेकशे डॉलरचं हे काम टाळलं, तर गरम इंजिनावर पेट्रोल गळून गाडी पेट घेऊ शकते. ऑइल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्यावं.

ब्रेकचं प्रकरण गंभीर आहे. त्या काळात चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर एकच. एका ठिकाणी नळी फुटली की पेडल थेट तळाला जातं आणि एकही ब्रेक लागत नाही. दोन भागांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवायचा संच मजुरीसह दीड-दोन हजार डॉलरमध्ये होतो. मूळपणा बिघडतो म्हणून काही जण नाक मुरडतात. प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं नसेल, तर त्यांचं ऐकू नका.

टायर नक्षी पाहून घेऊ नका, तारीख पाहून घ्या. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर दिसायला नवा असला, तरी तो बदलायचाच. पांढऱ्या पट्ट्याचे जुन्या धाटणीचे टायर मिळतात, चारांना हजार ते दीड हजार डॉलर पडतात. जुन्या क्रॉस-प्लायऐवजी रेडियल घेतले तर गाडी रस्त्यावर सरळ धावते.

सीटबेल्टही लावून घ्या. या गाड्यांत ते बहुधा नसतात. २००९ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवून दाखवली. मालिबूतल्या चालकाचा पाय दुखावला असता, बेल एअरमधला चालक वाचला नसता. जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी हा समज त्या दिवशी कायमचा मोडायला हवा होता. न वाकणारा स्टेअरिंगचा दांडा थेट छातीवर येतो. म्हणून या गाडीतून हमरस्त्यावर वेगाने जाऊ नका आणि लहान मुलांना तर नेऊच नका. गावातल्या शांत रस्त्यांवरून, दिवसा, सावकाश : एवढाच तिचा वापर.

दर वर्षी काय लागेल

विमा अपेक्षेपेक्षा स्वस्त असतो. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत, त्यांत मिशिगनची हॅगर्टी सर्वांत परिचित. वीस-पंचवीस हजारांच्या गाडीला वर्षाला तीनेकशे डॉलर हप्ता पडतो. मात्र रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि कुलूपबंद गॅरेज असल्याशिवाय विमा मिळणं कठीण. पॉलिसी ‘ठरलेल्या किमतीची’ घ्या. म्हणजे गाडी गेली तर आधी लिहून ठरलेली पूर्ण रक्कम मिळते, घसारा वजा होत नाही. हॅगर्टीचं किमतींचं कोष्टक कुणालाही बघता येतं. त्यात गाड्यांना एक ते चार अशा प्रती दिलेल्या असतात. विक्रेता प्रत ‘दोन’ म्हणाला की ती बहुतेक ‘तीन’ निघते, हे धरूनच बोलणी करा.

गॅलनला बारा-तेरा मैल, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटरपर्यंत सरासरी मिळते. वर्षाला १,५०० मैल चालवली आणि गॅलनला सव्वातीन डॉलर धरले तर पेट्रोल पावणेचारशे डॉलरचं. घरी जागा नसेल, तर बंदिस्त जागेचं भाडं महिन्याला दीडशे डॉलर आणि त्यावर. किरकोळ दुरुस्तीला वर्षाला हजार बाजूला ठेवावेत.

आता एकूण बघू. न्यू जर्सीतल्या माणसाने ॲरिझोनाची २२,००० डॉलरची सेडान घेतली. विक्रीकर ६.६२५ टक्क्यांनी १,४५८. तटस्थ तपासनीसाची फी ४००. ट्रेलरवरून आणायला १,५००. ब्रेक, टायर, नळ्या, पट्टे यांना ३,५००. पहिल्या वर्षाचा विमा ३००. बेरीज झाली २९,१५८. म्हणजे तीस हजार हातात असतील, तर बावीस हजारांचीच गाडी बघायची.

कुठून घ्यावी, कागद कसे तपासावेत

१९५४ पासून चालत आलेलं ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचं मासिक आजही उपयोगी आहे. दर ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथे जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा अफाट बाजार भरतो. काहीच घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन या. तिथल्या म्हाताऱ्या मालकांशी तासभर बोलून जे कळतं, ते पुस्तकात नाही. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मोठ्या लिलावांत जाताना एवढं लक्षात ठेवा की बोली थांबते त्या किमतीवर साधारण १० टक्के वेगळे द्यावे लागतात, आणि गाडी चालवून बघायला मिळत नाही. पहिली गाडी तिथे घेऊ नये. स्थानिक क्लबातल्या, वय झाल्यामुळे गाडी सोडणाऱ्या मालकाकडून, हिवाळ्याच्या तोंडावर घेतलेली गाडी सर्वांत चांगली पडते.

१९८१ पूर्वी सतरा अक्षरी ओळख क्रमांक नव्हता. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, आणि काही राज्यांनी तर इंजिनाच्या क्रमांकावर मालकीपत्र दिलेलं आहे. इंजिन बदललं गेलं असेल, तर कागद आणि गाडी जुळत नाहीत. पैसे देण्याआधी मालकीपत्रावरचा आकडा गाडीवरच्या पट्टीशी स्वतः जुळवून बघा. शेवरोलेच्या साध्या ‘टू-टेन’ मॉडेलला बेल एअरच्या पट्ट्या लावून विकणं ही जुनी चलाखी आहे. इंजिनामागच्या पत्र्यावर मॉडेल आणि रंगाची सांकेतिक पट्टी असते, तिचे अर्थ सांगणारी पुस्तकं मिळतात. ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून नंबरपाटी न्यू जर्सीत २५ वर्षांवरच्या गाडीला मिळते, पण ती रोज कामावर न्यायला नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धुराची तपासणी लागत नाही.

घरात डॉज किंवा प्लिमथ असेल तर

मुंबईत १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्स गाड्या जोडत होती. १९४७ पासून वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज, प्लिमथ, डीसोटो जोडल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या काही अजून आपल्याकडे शेडमध्ये झाकून ठेवलेल्या आहेत. डॉज किंग्जवेचा मालक अमेरिकेत डॉजचे भाग शोधतो आणि ते बसत नाहीत. कारण निर्यातीच्या त्या डॉजचा बराचसा सांगाडा प्लिमथचा आहे. प्लिमथच्या यादीत शोधा. उजव्या स्टेअरिंगचे भाग अमेरिकेत मिळणं कठीण. त्यासाठी ऑस्ट्रेलियात विचारावं, तिथेही क्रायस्लर उजव्या हाताच्या गाड्या बनवत असे. पार्सलवर सीमाशुल्क किती लागेल, ते मागवण्याआधी एजंटकडून लेखी घ्या.

नोंदणीसाठी जुलै २०२१ चा केंद्रीय नियम आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. आधी नोंदवलेल्या गाडीचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे; चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. एके काळी पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक डॉज-प्लिमथमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली आणि मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन शेडच्या कोपऱ्यात पडून राहिलं. ते तुमच्याकडे अजून असेल तर त्यात तेल घाला, तोंडं कापडाने बंद करा, आणि भंगारवाल्याला कितीही भाव आला तरी देऊ नका.